आधी मेडिक्लेम, मग टीपी

सांगली

चि. बंडूस,


तुझ्या रूम पार्टनरचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. टेम्पोच्या धडकेने मांडीचं हाड मोडलं म्हणजे पुढचे काही महिने पलंग आणि वॉकर आलाच, पण पोरगं वाचलं. तुझ्या मेसेजमधल्या पुढच्या ओळीने मात्र मी कपाळाला हात लावला. 'काकांना कुणीतरी सांगितलंय की मेडिक्लेम घेतला तर टेम्पोच्या इन्शुरन्समधून एक पैसा मिळत नाही, म्हणून ते कॅशलेसच्या फॉर्मवर सही करत नाहीयेत.' हे 'कुणीतरी' प्रत्येक हॉस्पिटलच्या बाकावर बसलेले असतात. विमा कंपनीतली सगळी नोकरी टीपी डिपार्टमेंटमध्ये गेल्यामुळे त्यांच्या सल्ल्याची फळं मी फायलींमधून वाचली आहेत.

काकांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, सांग, सही करा, आणि आजच करा. कारणं खाली सविस्तर लिहिते. फोनवर तू 'हं, हं' म्हणत दुसरंच काही करत असतोस, त्यापेक्षा कागद बरा. त्यांनाही वाचून दाखवता येईल.

तुझ्या मित्राच्या कंपनीने त्याचा जो ग्रुप मेडिक्लेम काढलाय, तो त्याच्या आजारपणाचा करार आहे. त्या कराराला एवढंच कळतं: माणूस दाखल झाला का, कशासाठी झाला, बिल किती झालं. चूक टेम्पोवाल्याची होती की याने सिग्नल तोडला होता, याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. पॉलिसी नवीन असली तरी पहिल्या तीस दिवसांची जी बंदी असते ती अपघाताला लागू नसते. कॅशलेसची मागणी आली की एका तासात उत्तर आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी, असा विमा नियामकाचा २०२४ पासूनचा नियम आहे. प्रत्यक्षात घड्याळ थोडं इकडेतिकडे होतं, पण पैसा त्याच आठवड्यात हॉस्पिटलला पोचतो.

टेम्पोचा विमा हा टेम्पोमालकाचा करार आहे. आम्ही त्याला टीपी म्हणतो, थर्ड पार्टी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे तो काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्यात कंपनीने कबूल केलेलं असतं की या गाडीमुळे तिसऱ्या माणसाला इजा झाली आणि मालकावर कायद्याने भरपाईची जबाबदारी आली, तर ती आम्ही उचलू. आता जबाबदारी आली की नाही आणि आली तर किती, हे कोण ठरवणार? मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. तिथे अर्ज, नोटिसा, कैफियत, साक्षी, डॉक्टरांची उलटतपासणी. दोन-तीन वर्षं सहज जातात. मध्येच लोक अदालतीत तडजोड झाली तर लवकर सुटका होते. पण तुझ्या मित्राच्या हॉस्पिटलचा कॅशियर काही तोवर थांबणार नाही. काकांनी मेडिक्लेम नाकारला तर आज शेती गहाण टाकून बिल भरावं लागेल, एवढाच त्याचा अर्थ.

दोन्ही विमे एका बिलावर बसून वाटणी करतात अशी काहीतरी कल्पना लोकांच्या डोक्यात असते. आपल्याकडे तसं होत नाही. एकाची दुसऱ्याशी साधी ओळखसुद्धा नसते. मेडिक्लेमची कंपनी तुझ्या मित्राचं बिल भरून मोकळी होते. ती सहसा टेम्पोच्या कंपनीमागे वसुलीला लागत नाही. टेम्पोच्या कंपनीला तर अपघात झाल्याचंच पोलिसांच्या कागदावरून कळतं.

न्यू जर्सीच्या ताईने ग्रुपवर जे लिहिलं, त्यामुळे तुमचा घोळ वाढला असणार. 'गाडीचा इन्शुरन्स हॉस्पिटलचं बिल देतो, आधी तिथे क्लेम टाका,' हे तिच्या जागी अगदी बरोबर आहे. तिथे खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत पीआयपी नावाचं एक संरक्षण असतं. चूक कुणाचीही असो, आपल्या स्वतःच्या गाडीची विमा कंपनी आपलं औषधपाणी करते. त्याची मर्यादा १५ हजार डॉलरपासून अडीच लाख डॉलरपर्यंत निवडता येते. शिवाय एक पर्याय असा की अपघाताचं बिल पहिल्यांदा आरोग्य विम्याने भरायचं आणि उरलेलं गाडीच्या विम्याने. तसं निवडलं की गाडीचा हप्ता कमी होतो. सरकारी मेडिकेअरवर असलेल्यांना मात्र हा पर्याय घेता येत नाही. म्हणजे तिथे खरोखर दोन विम्यांत क्रम लावलेला असतो, पॉलिसी घेतानाच. तो क्रम आपल्याकडे नाही, कारण आपल्या गाडीच्या विम्यात तसं औषधपाण्याचं कलमच नाही. ताईला दोष देऊ नकोस. ती तिच्या गावचं सांगत होती.

तू विचारलंस की त्याच्या स्कूटरच्या पॉलिसीत पंधरा लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट दिसतंय, त्यातून बिल निघेल का. नाही निघणार. हा गैरसमज इतका पसरलाय की नियामकाने पॉलिसीवर मोठ्या अक्षरांत छापायला हवं. हे मालक-चालकाचं सक्तीचं अपघात संरक्षण. २०१८ पर्यंत दुचाकीला एक लाख आणि कारला दोन लाख एवढंच असायचं, मग ते १५ लाख झालं. त्यातून पैसे मिळतात ते मृत्यू आला तर, कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर, किंवा हात, पाय, डोळा गेला तर. एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मे. हाड मोडलं, रॉड बसला, माणूस सहा महिन्यांनी लंगडत का होईना चालायला लागला, तर त्या कलमाखाली शून्य. हॉस्पिटलचं बिल हा विषयच तिथे नाही. त्याचा पाय शाबूत आहे, तेव्हा ते पंधरा लाख मिळणार नाहीत याचा आनंद माना.

आता सरकारची नवी योजना. रस्ते अपघातातल्या जखमींना पहिल्या तासात उपचार मिळावेत अशी तरतूद कायद्याच्या कलम १६२ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनेच आली होती, पण योजना काही निघेना. अखेर जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान पिळला आणि मे २०२५ मध्ये ती अधिसूचित झाली. कोणत्याही रस्त्यावर मोटार वाहनामुळे अपघात झाला तर अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार. हॉस्पिटल योजनेत असावं लागतं आणि पोलिसांकडून अपघाताची खात्री व्हावी लागते. तुमचं हॉस्पिटल त्यात आहे का, हे बिलिंगवर विचार. नसेल तर महात्मा फुले योजनेचा आरोग्यमित्र बसतो का, तेही विचार. नुसतं विचारायला पैसे पडत नाहीत, आणि विचारल्याशिवाय हे कुणी आपणहून सांगत नाही.

मेडिक्लेममधून सगळं बिल निघेल असं मात्र धरू नका. तुम्ही त्याला सिंगल स्पेशल रूममध्ये हलवलंय ना? त्याच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा असेल तर ते आधी बघ. मर्यादा दिवसाला ५,००० आणि खोली ८,००० ची, तर नुसते वरचे तीन हजार कापून कंपनी थांबत नाही. सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचा आकार, जे जे खोलीच्या दर्जाप्रमाणे वाढतं, ते सगळं पाच अष्टमांश धरलं जातं. औषधं, तपासण्या आणि रॉड-स्क्रू यांना ही कात्री लावता येत नाही, असा २०२० चा नियम आहे. डिस्चार्जच्या काउंटरवर लोक 'कंपनीने फसवलं' म्हणून ओरडतात ते बहुतेक या खोलीमुळे. उद्याच्या उद्या ट्विन शेअरिंगमध्ये हलवा. हाड तिथेही तसंच जुळतं. बाकी हातमोजे, डायपर, नोंदणी शुल्क अशा बारीकसारीक गोष्टी कापल्या जातातच.

पण ही कापाकापी वाया जात नाही, आणि काकांना नेमकं हेच कळायला हवं. जे मेडिक्लेमने दिलं नाही ते सगळं न्यायाधिकरणात मागता येतं. त्याच्याशिवाय ज्यांची नावंही मेडिक्लेमला ठाऊक नाहीत अशा गोष्टी मागता येतात: तो कामावर नव्हता त्या महिन्यांचा पगार, लातूरहून येऊन त्याच्या उशाशी बसलेल्या आईचा वेळ, रिक्षा-ॲम्ब्युलन्सचं भाडं, पौष्टिक खाणं, घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, पुढे रॉड काढायचं ऑपरेशन, सोसलेल्या वेदना, आणि पायात कायमचं अधूपण राहिलं तर त्यामुळे कमी होणारी कमाई. शेवटच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केलंय की डॉक्टरने लिहिलेली अपंगत्वाची टक्केवारी तशीच्या तशी उचलायची नाही. त्या अपंगत्वाने या माणसाच्या, या कामातल्या कमाईचं किती नुकसान झालं ते बघायचं. तुझा मित्र खुर्चीत बसून काम करतो. त्याच्या पायातलं पंधरा टक्के आणि गवंड्याच्या पायातलं पंधरा टक्के सारखे नाहीत. वकील सांगेल, पण अपेक्षा आत्ताच नीट ठेवा.

राहिला मुख्य प्रश्न. समजा मेडिक्लेमने तीन लाख भरले, तर तेही टेम्पोच्या कंपनीकडून पुन्हा मागता येतात का?

आमच्या बाजूचं म्हणणं वर्षानुवर्षं असं होतं: वैद्यकीय खर्च ही झालेल्या खर्चाची भरपाई आहे. तो खर्च मेडिक्लेमने भरलाय, तर दावेदाराच्या खिशातून गेलंच काय? एका बिलाचे दोनदा पैसे कसे? ऐकायला रास्त वाटतं, आणि कित्येक निकालांत ते मान्यही झालं. समोरच्या बाजूकडे सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा निकाल असे, आपल्या एसटी महामंडळाविरुद्धच्या खटल्यातला. मृताच्या वारसांना आयुर्विम्याचे जे पैसे मिळाले ते अपघाताच्या भरपाईतून वजा करायचे नाहीत, असं त्यात ठरलं. माणूस अपघाताने गेला काय किंवा तापाने, विम्याचे पैसे मिळालेच असते. ते त्याने हप्ते भरून कमावलेले आहेत, अपघाताने दिलेले नाहीत. पण आयुर्विमा वेगळा आणि मेडिक्लेम वेगळा, मेडिक्लेम तर बिलाएवढाच मिळतो, असं आम्ही म्हणायचो. मुंबई उच्च न्यायालयातच एक निकाल इकडे, एक तिकडे.

शेवटी तो प्रश्न तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाकडे गेला आणि मार्च २०२५ मध्ये उत्तर आलं: मेडिक्लेमखाली मिळालेली रक्कम वैद्यकीय खर्चाच्या भरपाईतून वजा करता येणार नाही. कारण तेच, हप्ते भरून केलेल्या कराराचं फळ. जखमी माणसाने शहाणपणाने विमा काढला, त्याचा फायदा धडक देणाऱ्याला किंवा त्याच्या विमा कंपनीला कशासाठी? तिने टेम्पोमालकाकडून पूर्ण जबाबदारीचा हप्ता घेतलेला असतो.

मला हा निकाल पटतो. एका बिलावर दोन पावत्या हे जुन्या कारकुनी डोळ्यांना जरा खुपतं, नाही असं नाही. पण उलट करून बघ. विमा न काढलेल्याला पूर्ण भरपाई आणि हप्ते भरणाऱ्याला कापून, हे त्याहून वाईट दिसतं. आणि खरं सांगायचं तर, न्यायाधिकरणात मिळणाऱ्या आकड्याने जखमी माणसाचं खरं नुकसान भरून निघालं आणि वर उरलं, अशी फाईल क्वचितच हाताखालून जायची.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव. हा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा, म्हणजे महाराष्ट्र आणि गोव्यातल्या न्यायाधिकरणांवर बंधनकारक. कर्नाटकात वजावट मान्य करणारे निकाल झालेले आहेत. हाच अपघात निपाणीत झाला असता आणि दावा तिथे लावला असता, तर गणित वेगळं निघू शकलं असतं. कायद्याप्रमाणे दावा अपघाताच्या जागी लावता येतो, तसा दावेदार राहतो त्या जिल्ह्यातही लावता येतो. जागा निवडताना हे ध्यानात घ्यायचं. दुसरं, त्याचा मेडिक्लेम त्याच्या नोकरीच्या कंपनीने काढलेला आहे. हप्ता मालकाने भरलाय, याने नाही, असा मुद्दा समोरचा वकील काढणार हे धरून चला. नोकरीमुळे मिळालेलं सगळंच सुरक्षित असतं असं नाही. हरियाणा सरकारच्या नियमांप्रमाणे मृत कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला जो पगार चालू राहतो, तो भरपाईतून वजा करायला सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं होतं. माझ्या मते पगाराच्या बदल्यात मिळालेला विमा हा कष्टाचाच भाग आहे, पण माझ्या मताला कोर्टात किंमत नाही. पगाराच्या स्लिपमध्ये मेडिक्लेमची कपात दिसत असेल तर त्या स्लिपा काढून ठेव.

आता कागद. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण दावे कायद्यावर कमी आणि कागदावर जास्त बुडतात.

सगळ्यात आधी कॅज्युअल्टीतला पहिला केस पेपर बघ. त्यावर 'हिस्ट्री' म्हणून एक-दोन ओळी असतात. जखमीला घेऊन येणारे लोक पोलिसांचं लचांड नको म्हणून डॉक्टरला सांगतात, 'गाडी स्लिप झाली', 'जिन्यावरून पडला'. डॉक्टर ते लिहितो. एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केसची नोंद, होत नाही, पोलीस येत नाहीत, सगळ्यांना हायसं वाटतं. मग महिन्याने कुणीतरी सांगतं की दावा करा, तेव्हा एफआयआर होते आणि त्यात टेम्पो उगवतो. आमचा वकील काय करायचा माहीत आहे? तो फक्त पहिला केस पेपर न्यायाधीशांपुढे ठेवायचा. खरा टेम्पो, खरी धडक, खरी जखम, आणि तरी दावा खोटा ठरायचा. म्हणून तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते आजच वाच. चुकीचं असेल तर मित्र शुद्धीवर आहे, पोलिसांपुढे त्याचा जबाब लवकर होऊ दे. ज्या रिक्षावाल्याने त्याला आणलं त्याचं नाव द्यायलाही घाबरू नका. मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, २०१९ नंतर ते कायद्यातच आहे.

मेडिक्लेमच्या फॉर्मवरही अपघात आहे का, पोलिसांना कळवलं का, एमएलसी आहे का, असे रकाने असतात. तिथे एक आणि पोलिसांकडे दुसरं, असं होऊ देऊ नका. आणि त्या रात्री तो प्यायलेला नव्हता ना, हे तू मला सांगू नकोस, पण काकांना खरं सांग. प्यायला असेल तर मेडिक्लेमची कंपनीही हात वर करायला बघेल.

मग बिलं. कॅशलेस असेल तर मूळ बिल हॉस्पिटल थेट कंपनीकडे पाठवतं; रिइम्बर्समेंट असेल तर तुम्ही स्वतः देता. दोन्हींकडे मूळ कागद जातात आणि न्यायाधिकरण पुन्हा मूळ मागतं. म्हणून द्यायच्या आधी प्रत्येक पानाची प्रत काढ, हॉस्पिटलचा शिक्का मारून घे, आणि क्लेम मिटल्यावर कंपनीकडून सेटलमेंट लेटर घे, ज्यात किती मागितले, किती दिले, काय कापलं ते लिहिलेलं असतं. मेडिक्लेम मिळाल्याचं न्यायाधिकरणापासून लपवू नका. लपवलं तर समोरचा वकील उलटतपासणीत काढतो, आणि मग न्यायाधीशांना बाकीच्या बिलांचाही संशय येतो. कायदा तुमच्या बाजूने असताना खोटं बोलायची गरज काय?

बाहेरच्या मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांच्या पावत्या, एक्स-रेच्या फिल्म्स, फिजिओवाल्याच्या सही-तारखेच्या चिठ्ठ्या, ऑफिसातून रजेचं आणि पगार कापल्याचं पत्र, हे सगळं एका पिशवीत. त्या थर्मल कागदावरच्या पावत्या वर्षभरात कोऱ्या होतात. फोटो काढून ठेव.

टेम्पोचा नंबर परिवहन खात्याच्या ॲपवर टाकून बघ, विमा कुणाचा आणि कधीपर्यंतचा ते दिसतं. विमा नसेल तर मालकावर व्यक्तिशः हुकूम होतो आणि वसुलीसाठी त्याच्या दारात फिरावं लागतं. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर गंभीर दुखापतीला फक्त ५० हजार आणि मृत्यूला दोन लाख मिळतात. तेही २०२२ पासून, आधी याहून कितीतरी कमी होते. त्या मानाने तुमचा टेम्पोवाला जागेवर थांबला, हे नशीब.

चूक थोडी तुझ्या मित्राचीही असेल, तर न्यायाधिकरण तेवढा वाटा कापतं. समज, ३० टक्के चूक याची ठरली, तर भरपाई ७० टक्के. मेडिक्लेममध्ये असलं काही होत नाही. चूक सिद्ध करायची भानगडच नको असेल तर कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला ठरावीक अडीच लाख मागता येतात. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच आहे. पण ते एकदा घेतलं की तो हिशेब संपला. नोकरदार तरुण मुलाच्या मांडीच्या हाडासाठी मी तरी आधी कलम १६६ चाच, म्हणजे चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागण्याचाच, विचार करीन.

मुदत सहा महिने, अपघाताच्या तारखेपासून. २०२२ पासून ही मुदत लागू आहे. ती फार आखूड आहे म्हणून सर्वोच्च न्यायालयात आव्हानं गेली आहेत, पण कुणाच्या खटल्याच्या भरवशावर बसू नका. पोलिसांनाही आता ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावा लागतो, आणि तो अहवाल अर्ज म्हणूनच धरता येतो. कागदावर नियम सुरेख आहे. तरीही काकांनी स्वतःचा अर्ज वेळेत करावा. हॉस्पिटलच्या आवारात जे गोड बोलणारे एजंट 'इतके टक्के द्या, सगळं करतो' म्हणून भेटतील, त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. टक्केवारीवर फी ठरवणं बार काउन्सिलच्या नियमांत बसत नाही.

एवढं लिहिलंच आहे, तर तुझ्या गाडीचंही सांगते. तू जी दोन वर्षांची सेकंडहँड कार घेतलीस, तिच्या पॉलिसीचा फोटो मागच्या महिन्यात पाठवला होतास. नव्या कारला २०१८ पासून टीपी तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. ओडी, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग, बहुतेक जण एक वर्षाचा घेतात आणि मग दरवर्षी वाढवतात. आधीच्या मालकाने तो वाढवलेला नाही. त्यामुळे तुझ्याकडे आत्ता नुसता टीपी उरलाय, आमच्या भाषेत 'ॲक्ट ओन्ली'. याचा परिणाम पत्र्यापुरता आहे असं तुला वाटेल. तसं नाही. खासगी गाडीत फुकट बसलेला माणूस, मित्र असो की आई-वडील, ॲक्ट ओन्ली पॉलिसीत धरला जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा सांगितलंय. पॅकेज पॉलिसी असेल तर धरला जातो. नियामकाने २००९ मध्ये कंपन्यांना तसं बजावलं आणि २०१२ च्या निकालात तेच ठरलं. म्हणजे ओडीचे काही हजार वाचवण्याच्या नादात मागच्या सीटवरची माणसं उघडी पडतात. तुझ्या चुकीने अपघात झाला तर त्यांची भरपाई तुझ्या खिशातून. तुझी स्वतःची तर कुठूनच नाही. आपल्या चुकीने स्वतःला झालेल्या इजेचा दावा आपल्याच टीपीवर करता येत नाही. तिथे तुझा मेडिक्लेम, आणि फार वाईट झालं तर ते पंधरा लाख.

ते पंधरा लाखसुद्धा गाडी तुझ्या नावावर असेल आणि लायसन्स चालू असेल तरच. गाडीची मालकी बदलल्यावर पॉलिसी नावावर करून घ्यायला कायदा चौदा दिवस देतो. तू ते केलेलं नाहीस, हे तुझ्या फोटोवरच्या आधीच्या मालकाच्या नावावरून कळलं. या शनिवारी ते कर आणि ओडीही घे. गाडी तपासायला माणूस येईल, तेव्हा डाव्या दाराचा पोचा लपवू नकोस. आणि लायसन्स नसलेल्या मित्राला 'जरा चालवून बघ' म्हणून किल्ली देऊ नकोस. त्याने कुणाला उडवलं तर कंपनी जखमीला पैसे देईल आणि तुझ्याकडून वसूल करील. 'पे अँड रिकव्हर' म्हणतात त्याला, आणि ती वसुली आम्ही मनापासून करायचो.

दिवाळीला दादा-वहिनीला घेऊन गणपतीपुळ्याला जायचं म्हणतोयस, त्याच्या आत हे उरकून टाक. मागच्या सीटचं हे प्रकरण दादाला मात्र सांगू नकोस. त्याला एसटीने जायला एवढंच निमित्त पुरेल, आणि मग वहिनी मला बोलेल.

तुझी,
आत्या